'गोचिडांचे औषध' : एका शब्दप्रयोगाची चिकित्सा

मराठीत 'औषध' हा शब्द तारक द्रव्याप्रमाणेच मारक द्रव्यासही लावला जातो. 'गुरांचे औषध' या प्रयोगात षष्ठी विभक्ती उपकृताचा निर्देश करते, तर 'गोचिडांचे औषध' या प्रयोगात तीच विभक्ती वध्याचा निर्देश करते. गोठ्यात या भेदामुळे घोटाळा होत नाही. परंतु असे द्रव्य प्यालेल्या माणसास रुग्णालयात आणले, म्हणजे या नामकरणाची मर्यादा उघड होते. त्यातून कोण मरतो हे कळते. कशाने मरतो हे कळत नाही. उपचार तर या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावरच अवलंबून असतो.

१९६९ साली इंग्लंडमध्ये प्रथम तयार झालेले अमिट्राझ हे याचे बोलके उदाहरण होय. ते पोटात गेल्यास रुग्णास गुंगी येते, डोळ्यांच्या बाहुल्या बहुधा आकुंचित होतात आणि नाडी मंदावते. ऑर्गॅनोफॉस्फेट वर्गातील विषांचेही चित्र वरकरणी असेच दिसते. त्या विषांनी मात्र कोलिनेस्टरेज या विकराचे कार्य थांबते, लाळ, घाम व श्वासनलिकेतील स्राव वाढतात आणि ते स्राव आटोक्यात येईपर्यंत अ‍ॅट्रोपिन द्यावे लागते. अमिट्राझ अल्फा-२ ग्राहींना उत्तेजित करते व त्यावर विशिष्ट उतारा नाही. श्वसनास आधार, शिरेवाटे द्रव, रक्तदाब व रक्तशर्करा यांवर लक्ष हाच मुख्य उपचार. अ‍ॅट्रोपिनचे प्रयोजन नाडी फारच मंदावल्यास. वेळीच शुश्रूषा लाभल्यास बहुतेक रुग्ण २४ ते ४८ तासांत सावरतात. तेव्हा एका विषास दुसरे समजणे म्हणजे रुग्णावर अनावश्यक अ‍ॅट्रोपिनचा भार लादणे होय.

'औषध' सोडून 'कीटकनाशक' म्हणावे, असा उपाय सुचणे स्वाभाविक आहे. परंतु हा शब्दही वध्याचेच नाव सांगतो. शिवाय गोचीड हा कीटक नव्हे. तो कोळ्याच्या वर्गातील, प्रौढावस्थेत आठ पायांचा जीव आहे. म्हणजे पंडिती शब्दाने लोकशब्दातील उणीव भरून निघत नाहीच, उलट एका चुकीची भर पडते.

लोकशब्द बदलण्याचे कारण नाही. त्याच्या जोडीस द्रव्यनाम हवे. ते बाटलीवर ठळक देवनागरीत असावे. 'औषध घेतले' हे नातलगांचे शब्द रुग्णपत्रिकेत जसेच्या तसे उतरवावेत. परंतु बाटली पाहून द्रव्याचे नाव नोंदविल्याशिवाय ती नोंद पूर्ण मानू नये. येथे प्रश्न भाषाशुद्धीचा नाही, विषाच्या ओळखीचा आहे.