'बनगरवाडी'तील वस्ती आणि शाळा

व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'ला (१९५५) प्रादेशिक कादंबरी म्हणण्याचा प्रघात पडला आणि त्या नावाने तिच्या अभ्यासाची दिशाही बरीचशी ठरवून टाकली. माळ, मेंढरे, धनगरी बोली, रांगडी माणसे यांची नोंद केली की समीक्षेचे काम झाले, असा समज त्यातून रूढ झाला. त्याला जोडून एक आक्षेपही येतो. 'माणदेशी माणसे' (१९४९) या संग्रहातल्यासारखीच व्यक्तिचित्रे येथे एका मास्तराच्या निवेदनात ओवली आहेत; कादंबरीला लागणारा कथानकाचा बांधा तिला नाही, असा हा आक्षेप होय. तो सहज झटकून टाकण्याजोगा नाही. आनंदा रामोशी, काकुबा, शेकू, रामा बनगर ही माणसे एकामागून एक पुढे येतात आणि आपापली कहाणी झाली की मागे सरतात. तथापि त्यांना बांधणारे सूत्र हवे असेल, तर ते स्वभावचित्रणात न शोधता मास्तर या वाडीत कशासाठी आला आहे, या साध्या प्रश्नात शोधावे लागते.

माणदेश हा महादेव डोंगररांगेच्या आधाराने पसरलेला, सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील उंच माळ. पाऊस सरासरीने वीस इंचांच्या आसपास. पण ही सरासरी फसवी असते, कारण तो कोणत्या वर्षी, कोणत्या पंधरवड्यात पडेल याचा नेम नाही. जमीन मुरमाड, पीक मुख्यतः बाजरी-जोंधळ्याचे. अशा भूमीत शेतीवर सगळा भार टाकता येत नाही, म्हणून मेंढरे. आणि मेंढरू चाऱ्यामागे चालते, म्हणून माणूसही चालतो. अशा वस्तीत गाव सोडून जाणे हे जगण्याच्या रीतीतच सामावलेले असते. शाळेचे गृहीतक नेमके याच्या उलट आहे. मुलाने रोज एकाच जागी येऊन बसावे आणि हजेरीपटावर त्याच्या नावापुढे खूण व्हावी, एवढीच तिची पहिली मागणी. वाडीच्या दृष्टीने तीच सर्वांत अवघड. मास्तर येतो तेव्हा शाळा ओस आहे, कारण मुले मेंढरांमागे रानात आहेत. ती शाळेत यावीत यासाठी त्याला कारभाऱ्याचा आधार घ्यावा लागतो. पुढे अंजीच्या निमित्ताने कारभाऱ्याचे मन कलुषित होते, तेव्हा पणाला लागते ती केवळ मास्तराची अब्रू नव्हे, तर शाळेचा वाडीतला पायाच.

ही शाळा ज्या राज्याची, त्याचा विचार अभ्यासकांनी पुरेसा केलेला नाही. माडगूळकरांचा जन्म १९२७ चा, माडगुळ्याचा. हे गाव तेव्हा औंध संस्थानात होते. बहात्तर गावांचे, तुकड्यातुकड्यांनी विखुरलेले हे छोटे संस्थान १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाले. कादंबरीतील काळ त्याच्या अखेरच्या पर्वाचा, १९४० च्या आगेमागचा. राजे भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी हे सूर्यनमस्काराचे आग्रही प्रचारक होते. हे ध्यानात घेतले म्हणजे वाडीकऱ्यांनी अंगमेहनतीने तालीम बांधणे आणि तिच्यासाठी राजाने वाडीत येणे, या प्रसंगाचा अर्थ अधिक स्पष्ट होतो. चालत्या माणसांनी उभारलेली ती एक स्थिर वास्तू आहे. शाळेने जे मागितले, ते वाडीने तालमीच्या रूपाने एकदाच, आनंदाने दिले.

शेकूचा प्रसंग मात्र शाळेच्या आवाक्याबाहेरचा. पेरणीच्या दिवसांत त्याला दुसरा बैल नाही, आणि त्याची बायको बैलाच्या जोडीला औताला लागते. हा प्रसंग करुणरसाचा नमुना म्हणून वारंवार उद्धृत होतो. त्यामागील व्यवहार मात्र दुर्लक्षित राहतो. एरवी बैल नसलेल्या कुणब्याला वारंगुळ्याचा आधार असे. एकमेकांचे बैल एकत्र करून कामे उरकली जात. परंतु मुरमाड जमिनीतला वाफसा चार दिवसांचा. त्या चार दिवसांत प्रत्येकाला आपलाच बैल हवा असतो. म्हणजे उसनवारीची गरज सर्वांत तीव्र असते तेव्हाच उसनवारीची व्यवस्था कोसळते. यात कोणी दुष्ट नाही, कोणी कृपणही नाही. माडगूळकर हे समजावून सांगत बसत नाहीत. बाई जुवाखाली दिसते आणि निवेदन आवाज न चढवता पुढे जाते. ग्रामीण साहित्यातील पुष्कळसा कारुण्याचा पूर यापुढे पातळ वाटतो.

या संयमाला एक मर्यादाही आहे. औंधात जानेवारी १९३९ मध्ये नवे संविधान जाहीर झाले, कारभार ग्रामपंचायतींकडे सोपवण्याचा प्रयोग सुरू झाला आणि त्यामागे गांधीजींचा सल्ला होता. शेजारच्या सातारा जिल्ह्यात १९४२ नंतर प्रतिसरकारची चळवळ उभी राहिली. या घडामोडींना कादंबरीच्या रचनेत स्थान नाही. मास्तर कोवळ्या वयाचा आहे, त्याला दिसेल तेवढेच तो सांगणार, हे उत्तर कलादृष्ट्या मान्य करता येते. पण राजाच्या भेटीवर पडलेला सौम्य प्रकाश मास्तराचा किती आणि लेखकाचा किती, ही शंका उरतेच. स्त्रियांच्या बाबतीतही तसेच. अंजी आणि शेकूची बायको डोळ्यांपुढे राहतात, परंतु त्यांच्या मनात काय चालले आहे हे वाचकाला क्वचितच कळते.

विदर्भातील विद्यार्थ्याला येथे उद्धव शेळक्यांच्या 'धग'ची (१९६०) आठवण होणे स्वाभाविक आहे. तेथे दैन्य घरात शिरते आणि कौतिकला घर सोडता येत नाही. तिची शोकांतिका एका जागी खिळून राहण्याची आहे. बनगरवाडीत अवर्षण पडते, मेंढरे मरू लागतात आणि माणसे वाट धरतात. या शेवटाला गावाचा मृत्यू म्हणणे घाईचे होईल. धनगरांपुरते पाहिले तर जगण्याचा जुना मार्गच त्यांनी पुन्हा धरला आहे, जरी या खेपेस परतीची खात्री नाही. राम देशमुखांनी १९५८ मध्ये केलेल्या इंग्रजी अनुवादाला भिंती नसलेले गाव अशा अर्थाचे नाव आहे, ते या दृष्टीने मार्मिक ठरते. मोडते ती शाळा. हजेरी घेण्यास मुले उरत नाहीत आणि मास्तराला परत फिरावे लागते. ज्याला चालता येत नव्हते असा वाडीतला तो एकटाच होता.