ॲसिरियन सिंहमृगयाशिल्पे

ॲसिरियाचा सम्राट असुरबनिपाल (कार. इ. स. पू. ६६८–सु. ६३१) याच्या निनेव्ह (इराकमधील मोसूलनजीक) येथील उत्तर राजवाड्याच्या भिंतींवर बसविलेली जिप्सम पाषाणातील उत्थित शिल्पे. काळ सु. इ. स. पू. ६४५–६३५. होर्मुझ्द रस्साम याने १८५३ मध्ये ती उजेडात आणली. बहुतेक शिलापट लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्ये आहेत.

सिंहवध हा ॲसिरियन राजधर्माचा भाग होता. राजमुद्रेवरही उभ्या सिंहाला भोसकणारा राजाच कोरलेला असे. प्रस्तुत शिल्पांतील शिकार मात्र रानातली नव्हे. पिंजऱ्यावर बसलेला मुलगा दार वर उचलतो, सिंह बाहेर पडतो. ढालकऱ्यांचे व शिकारी कुत्र्यांचे कडे त्याची वाट अडविते आणि राजा रथातून बाण सोडतो. प्रेक्षक टेकडीवर चढून हा सोहळा पाहतात. जिंकावयाचा निसर्ग आधीच कैद केलेला आहे, आणि शिल्पकाराला पिंजरा लपविण्याची गरज भासलेली नाही. तत्कालीन प्रेक्षकाला त्यात लबाडी दिसत नसावी. तो विधी होता, म्हणूनच अखेरीस राजा मृत सिंहांवर मद्याचे अर्घ्य ओततो.

कलादृष्ट्या या शिल्पांचा खरा नायक राजा नव्हे. त्याची मुद्रा सर्वत्र एकसारखी निर्विकार असून कौशल्य दाढीच्या कुरळ्या बटांत व वस्त्राच्या नक्षीत खर्ची पडले आहे. याउलट प्रत्येक सिंहाचे मरण वेगळे आहे. एकाच्या तोंडून रक्ताची धार लागली आहे. बाणांनी कंबर मोडलेली सिंहीण लुळे मागचे पाय ओढीत पुढच्या पायांवर उठू पाहते व गर्जते. भोवतालची पार्श्वभूमी रिकामी असल्याने तिचा एकाकीपणा अधिकच जाणवतो. ही करुणा शिल्पकाराची की आधुनिक प्रेक्षकाची, याविषयी मतभेद आहेत. शत्रू जितका बलिष्ठ तितका राजा थोर, असे स्पष्टीकरण सामान्यतः दिले जाते. परंतु तेवढ्यासाठी झेप घेणारा सिंह पुरेसा होता. गतप्राण होत चाललेल्या स्नायूंचे इतके नेमके निरीक्षण त्या हिशेबात बसत नाही. रानगाढवांच्या शिकारीच्या पटातही पळता पळता मागे राहिलेल्या शिंगराकडे वळून पाहणारी मादी आहे. तिथे राजगौरवाला तिचा काहीच उपयोग नाही.

एका पटात राजाने सिंहाचे शेपूट धरले आहे. ते शेपूट नंतर कोणीतरी, बहुधा इ. स. पू. ६१२ मध्ये निनेव्ह लुटणाऱ्या शत्रुसैनिकाने, मुद्दाम छिन्नीने तोडून टाकले आहे.