आठवत नाही म्हणजे परिणाम नाही?

मंडळी, गावातल्या भिंतींवर सिमेंटच्या नि बियाण्यांच्या जाहिराती आपण लहानपणापासून बघत आलोय. थांबून कुणी वाचत नाही. पण दुकानात उभं राहिलं की तोंडात तेच नाव येतं. गोरेगावातल्या आपल्या सगळ्यांचा हा अनुभव मनात ठेवूनच आज आपण मोबाईलवरच्या खेळांतल्या जाहिरातींकडे बघू.

'खेळताना पोराला जाहिरात कुठं आठवते?' असं आपण सहज म्हणतो. अभ्यासही वरवर तेच सांगतो. मिशेल नेल्सन यांनी 2002 साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात गाड्यांच्या शर्यतीचा खेळ खेळणाऱ्यांना त्यातले ब्रँड विचारले. लगेच विचारले तेव्हा 25 ते 30 टक्के आठवले. काही महिन्यांनी 10 ते 15 टक्केच उरले. साहजिक आहे. वळण घेताना लक्ष रस्त्यावर असतं, फलकावर नसतं.

आमचा आक्षेप आकड्यांवर नाही, त्यावरून आपण काढतो त्या निष्कर्षावर आहे. 2006 सालच्या दुसऱ्या एका अभ्यासात फुटबॉल नि कारशर्यतीचे खेळ खेळलेल्या विद्यार्थ्यांना ब्रँड नीट ओळखता आले नाहीत. पण गाळलेली अक्षरं भरून शब्द पुरे करायला दिले, तेव्हा तीच नावं बाहेर आली. म्हणजे आठवण पुसट, पण ठसा पक्का. मग 'काय आठवतं?' हा प्रश्नच अपुरा ठरतो ना?

शिवाय आपल्याकडचा मामला वेगळा आहे. 'लुडो किंग' घ्या. नवी मुंबईतल्या कंपनीनं 2016 मध्ये आणलेला, टाळेबंदीत घरोघरी पोचलेला खेळ. अशा फुकट खेळांत जाहिरात कडेचा फलक नसते. डाव थांबवून ती समोर उभी राहते, कधी 'बघा नि नाणी मिळवा' म्हणते. शर्यतीतल्या फलकाचे टक्के तिला जसेच्या तसे लावणं चूक आहे.

प्रश्न साबणाच्या नावापुरता असता, तर आम्ही एवढं बोललो नसतो. पण पैसे लावून खेळायच्या खेळांच्या जाहिरातीही याच पडद्यावर येत होत्या. 2025 च्या केंद्रीय कायद्यानं ते खेळ नि त्यांच्या जाहिराती, दोन्हींवर बंदी घातली. जाहिरात निरुपद्रवी असती, तर तिचं वेगळं नाव कायद्यात कशाला आलं असतं?

तेव्हा आज घरी गेल्यावर पोराची परीक्षा घेऊ नका. शेजारी बसा, एक डाव बघा. मधे काय काय येतं ते आपणच मोजू, मग बोलू.