एकच पिस्तूल

आमच्या ब्रँचच्या दारात रखवालदाराची दुनळी बंदूक असते. माझा शस्त्रांशी संबंध तेवढाच. तरीही इयान फ्लेमिंगच्या ‘डॉक्टर नो’ (१९५८) या कादंबरीतला मला सर्वांत आवडलेला प्रसंग पिस्तुलाचा आहे.

त्याची हकिगत अशी. १९५६ साली ग्लासगोच्या जेफ्री बूथरॉइड या बंदूकशौकिनाने फ्लेमिंगला कळवलं, की तुमच्या बाँडचं बेरेटा हे बायकांचं पिस्तूल आहे. त्याला रिव्हॉल्व्हर द्या. आमच्या हेड ऑफिसात असलं पत्र आवक क्रमांक पडून फायलीत निजलं असतं. फ्लेमिंगने पत्रलेखकाला मेजर करून कादंबरीतच बसवलं!

हा मेजर बेरेटाला नापास करतो. पण खिशात मावेल, लांबवर लागेल आणि ऐन वेळी अडणार नाही, असं एकच हत्यार त्यालाही सापडत नाही. बाँडला दोन मिळतात : वॉल्थर पिस्तूल आणि स्मिथ अँड वेसन रिव्हॉल्व्हर. १९६२ च्या सिनेमात मात्र एकटं वॉल्थर उरलं. सुटसुटीत झालं, पण तज्ज्ञाचा प्रामाणिकपणा गेला.

एक गोष्ट मात्र सिनेमात छान आहे. बाँड जुनं बेरेटा हळूच उचलू बघतो आणि साहेब हटकतात. ‘मला एकच पुरे’ असं माणूस म्हणतो ते हत्याराच्या गुणांमुळे नव्हे, सवयीमुळे!

हे मी घरी समजावलं. “अहो, मग ऊन, पाऊस आणि कुत्री या सगळ्यांना चालणारी ती पंधरा वर्षांची छत्री टाका ना!”

मी छत्री घेऊन मुकाट्याने ब्रँचला निघालो.