भाटीच्या देशातील येणे आणि जाणे : अमिताव घोष यांच्या दोन कादंबऱ्यांचे पुनर्वाचन

सुंदरबनचा प्रदेश भारत आणि बांगलादेश या दोन राष्ट्रांत विभागलेला आहे. सुमारे दहा हजार चौरस किलोमीटर पसरलेल्या या खारफुटीच्या अरण्याचा मोठा भाग बांगलादेशात असून उर्वरित भाग पश्चिम बंगालच्या चोवीस परगण्यांत येतो. भारताच्या बाजूस १०२ बेटे आहेत व त्यांपैकी ५४ बेटांवर मनुष्यवस्ती आहे. भरतीच्या वेळी यांतील कित्येक बेटांवरील शेतजमीन नदीच्या पातळीपेक्षा खाली असते. मातीचा बांध आहे म्हणून शेत आहे, आणि शेत आहे म्हणून गाव आहे. कोकणातील खारबंदी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ही व्यवस्था किती नाजूक असते हे वेगळे सांगावयास नको. बंगाली माणूस या मुलखाला ‘भाटीर देश’, म्हणजे ओहोटीचा देश म्हणतो. जमीन जिथे दिवसातून दोनदा दिसते आणि दोनदा नाहीशी होते, तिथे ‘स्थलांतर’ या शब्दाला निराळाच अर्थ येतो.

या प्रदेशावर अमिताव घोष यांनी ‘द हंग्री टाइड’ (२००४) ही इंग्रजी कादंबरी लिहिली. पंधरा वर्षांनी आलेल्या ‘गन आयलंड’ (२०१९) मध्ये त्यांनी यांतील काही पात्रांना पुन्हा भेटविले. पहिल्या कादंबरीवर आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. पर्यावरण विरुद्ध माणूस, भाषांतराची मर्यादा, बोनबीबीची लोककथा हे विषय अभ्यासकांच्या विशेष आवडीचे दिसतात. प्रस्तुत लेखात मात्र एका वेगळ्या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. विस्थापितांची स्मृती इतक्या निष्ठेने जपणारी ही कादंबरी, माणसांना घर सोडावयास लावणाऱ्या अर्थव्यवहाराकडे कोणत्या दृष्टीने पाहते?

प्रथम स्मृतीचा भाग पाहू. फाळणीनंतर पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांपैकी जे कनिष्ठ जातींचे, मुख्यतः नमःशूद्र होते, त्यांतील हजारो कुटुंबांची रवानगी बंगालबाहेर करण्यात आली. १९५८ साली स्थापन झालेल्या दंडकारण्य प्रकल्पाने त्यांना बस्तर व कोरापुटच्या जंगलात जमिनी दिल्या. नदीकाठी भातशेती आणि मासेमारी करणाऱ्या माणसांना खडकाळ, कोरड्या माळावर बसविण्यात आले. १९७७ मध्ये पश्चिम बंगालात डावी आघाडी सत्तेवर आली. विरोधात असताना तिच्या नेत्यांनी निर्वासितांची बाजू घेतली होती. त्या भरवशावर १९७८ मध्ये अनेक कुटुंबे बंगालकडे निघाली. बहुतेकांना परत पाठविण्यात आले, परंतु काही हजार माणसे सुंदरबनातील मरिचझापी बेटावर पोचली. तेथे त्यांनी बांध घातले, शाळा काढली, दवाखाना उभारला, मत्स्यपालन सुरू केले. हे बेट राखीव वनात येते, असे शासनाचे म्हणणे होते. जानेवारी १९७९ मध्ये बेटाला पोलिसांच्या बोटींनी वेढा घातला, आणि मे महिन्यात वस्ती उद्ध्वस्त करून लोकांना हाकलण्यात आले. यात किती माणसे गोळीबाराने, उपासाने वा रोगाने मेली, याविषयी अधिकृत आकडा आणि वाचलेल्यांचे कथन यांत फार मोठे अंतर आहे.

घोष यांनी ही घटना निर्मल या निवृत्त मुख्याध्यापकाच्या वहीतून मांडली आहे. निर्मल डाव्या विचारांचा आहे; त्याला रिल्केच्या कविता पाठ आहेत. आयुष्यभर क्रांतीची वाट पाहणाऱ्या या गृहस्थाला ती उतारवयात मरिचझापीच्या चिखलात दिसते. वही वाचताना वाचक हेलावतो, हे मान्य करावयास हवे. विशेषतः वेढा पडल्यावर ध्वनिक्षेपकावरून सांगितले जाते की हे बेट झाडांसाठी व वाघांसाठी राखून ठेवले आहे; ते ऐकणाऱ्या कुसुमच्या मनात उमटणारा प्रश्न, आम्हांला मरू देऊन ज्यांना प्राणी वाचवावयाचे आहेत ती माणसे कोण, हा या कादंबरीचा गाभाच होय.

तथापि निर्मलच्या वहीतून काय निसटते, हेही पाहणे आवश्यक आहे. निर्वासित बहुसंख्येने दलित होते ही गोष्ट कादंबरीत निर्मलच्या पत्नीच्या, नीलिमाच्या, बोलण्यात येऊन जाते. ती माहिती म्हणून येते. कथेच्या रचनेत शिरत नाही. मराठी वाचकाला हे विशेष खटकावे असे आहे. १९४६ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर संविधान सभेवर प्रथम निवडून गेले ते बंगालमधून, आणि त्यासाठी खटपट करणाऱ्यांत नमःशूद्र समाजाचे नेते जोगेंद्रनाथ मंडल अग्रभागी होते. ज्या समाजाने ही राजकीय जाणीव दाखविली होती, तो समाज कादंबरीत एका भद्रलोक शिक्षकाच्या स्वप्नाचे निमित्त बनतो. आणखी एक दुवा आपल्याजवळचा आहे. मरिचझापीला निघालेली माणसे मुख्यतः बस्तर, कोरापुट येथील वसाहतींतून आली. परंतु त्याच निर्वासित लोंढ्यातील काही कुटुंबांना तत्कालीन चंद्रपूर जिल्ह्यातही वसविण्यात आले होते. आज गडचिरोली जिल्ह्यातील मुलचेरा, चामोर्शी भागात शिकविणाऱ्या अध्यापकाच्या हजेरीपटावर मंडल, बिश्वास, हलदार ही आडनावे सहज दिसतात. आमच्या वर्गात मागच्या बाकावर बसणाऱ्या मुलांच्या आजोबांची ही कथा आहे, असे समजून ‘द हंग्री टाइड’ वाचली तर निर्मलची काव्यमयता काहीशी परकी वाटू लागते.

परंतु वहीची खरी मर्यादा कुसुमच्या बाबतीत उघड होते. कुसुम निर्वासित नाही. ती या बेटांवरचीच मुलगी आहे. बापाला वाघाने नेले. आईला कामाचे आमिष दाखवून फसवून नेण्यात आले. तिच्या शोधात कुसुम धनबादला पोचली. तेथे तिने संसार केला, नवरा गमावला आणि लहानग्या फोकीरला घेऊन, दंडकारण्यातून निघालेल्या माणसांत सामील होऊन ती परतली. म्हणजे मरिचझापीत दोन प्रवाह एकत्र येतात : एक राष्ट्रांच्या सीमेने हुसकावलेल्यांचा, दुसरा पोटाने हुसकावलेल्यांचा. घोष यांनी हे दोन्ही एका स्त्रीच्या आयुष्यात आणले, ही त्यांच्या प्रतिभेची खूण आहे. पण त्यांतील पहिल्याला वही मिळाली, दिनांक मिळाला, शोकगीत मिळाले. दुसऱ्याला, म्हणजे कोळशाच्या गावाकडे जाणाऱ्या वाटेला, केवळ काही पाने मिळाली. या दुसऱ्या वाटेवरून जाणाऱ्यांची संख्या अधिक असते, आणि त्यांच्यावर गोळीबार होत नसल्याने त्यांची तारीखही कोणी लिहून ठेवीत नाही.

या दृष्टीने पाहता कादंबरीतील सर्वांत जागे पात्र मोयना हे ठरते. ती फोकीरची पत्नी. समीक्षकांचे लक्ष बहुधा फोकीरकडे असते. तो निरक्षर, अबोल, पाण्याची प्रत्येक वाट जाणणारा, बोनबीबीची कथा मुखोद्गत असलेला. अमेरिकेहून आलेली डॉल्फिन-अभ्यासक पिया त्याच्या या ज्ञानाने भारावते, आणि लेखकही भारावलेला आहे. मोयना मात्र परिचारिकेचे शिक्षण घेत आहे, तिला बेटावरच्या रुग्णालयात नोकरी हवी आहे, मुलाने शाळेत जावे अशी तिची इच्छा आहे. फोकीर मुलाला नावेतून नेतो याचा तिला राग येतो. हा राग गैरसमजातून आलेला नाही. नायलॉनच्या बारीक जाळ्यांनी कोळंबीचे बीज उपसले जाते, त्याबरोबर इतर माशांची अंडीही जातात, आणि काही वर्षांत नदीत मासाच उरणार नाही, हे ती स्पष्टपणे सांगते. कंबरभर खाऱ्या पाण्यात जाळे ओढीत तासन् तास चालणाऱ्या बायका हे सुंदरबनातील नित्याचे दृश्य आहे. निर्यातीच्या कोळंबीने या गरीब घरांत रोख पैसा आणला आणि त्याच जाळ्याने उद्याची मासेमारी पोखरली. हा गुंता समजणारी व्यक्ती या कादंबरीत एकच आहे, आणि कादंबरी तिला व्यवहारी, महत्त्वाकांक्षी, थोडी कडवट अशी रंगवून बाजूला ठेवते. पैशाविषयी बोलणाऱ्या स्त्रीकडे साहित्याने संशयाने पाहावे, ही गोष्ट मराठीतही नवी नाही.

पैशाचा विषय कादंबरीत येतच नाही असे नव्हे. डॅनिएल हॅमिल्टन या स्कॉटिश उद्योजकाने विसाव्या शतकाच्या आरंभी गोसाबा येथे जमीन घेऊन सहकारी वसाहत उभारली, जातिभेद न मानण्याची अट घातली, पुढे १९३६ मध्ये स्वतःची एक रुपयाची नोटही काढली. घोष ही हकीकत रसाळपणे सांगतात. परंतु ती सांगितली जाते ती एका स्वप्नाळू साहेबाचे आख्यान म्हणून. त्या नोटेवर कोणाचे कर्ज फिटले, हा प्रश्न निर्मल विचारीत नाही.

नीलिमाचे पात्र याहून खोल आहे. तिने उभारलेल्या ट्रस्टचे रुग्णालय शासनाच्या मर्जीवर चालते, म्हणून मरिचझापीच्या लोकांना मदत करण्यास ती नकार देते. निर्मलला हा भ्याडपणा वाटतो. वाचकालाही प्रथम तसेच वाटते. पण मोयनासारखी मुलगी ज्या जिन्याने वर चढू पाहते तो जिना नीलिमाने बांधलेला आहे, हे ध्यानात आल्यावर निवाडा करणे कठीण होते. ही अवघड जागा घोष यांनी सोपी केलेली नाही, याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे.

शेवट मात्र सोपा केला आहे. वादळात पियाला आपल्या देहाने झाकून फोकीर मरतो. त्याने दाखविलेल्या जलमार्गांची नोंद पियाच्या यंत्रात शिल्लक राहते. तिच्या आधारे ती संशोधनप्रकल्प आखते आणि त्याला फोकीरचे नाव देऊ करते. देणग्यांतून मोयनासाठी घर आणि तिच्या मुलासाठी, टुटुलसाठी, महाविद्यालयीन शिक्षणाची सोय होते. कोळ्याचे ज्ञान संशोधकाच्या नकाशात गेले आणि त्याचा मोबदला शिष्यवृत्ती म्हणून परत आला. हा व्यवहार न्याय्य आहे की नाही, याची चर्चा कादंबरी करीत नाही. ती कृतज्ञतेच्या सुरात संपते.

‘गन आयलंड’चे महत्त्व येथे आहे. कादंबरी म्हणून ती दुबळी आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. योगायोगांची इतकी गर्दी आहे की मनसादेवीच्या कोपावर विश्वास ठेवणे सोपे, पण पात्रांच्या भेटीगाठींवर नाही. तरीही तिने पहिल्या कादंबरीच्या समाधानी शेवटाला छेद दिला आहे. टुटुल आता टिपू झाला आहे. तो पियाबरोबर काही काळ अमेरिकेत राहून परतला आहे, अमेरिकी ढंगाचे इंग्रजी बोलतो, आणि फोनवरून माणसांना सीमेपार नेण्याचा धंदा करतो. दरम्यान २५ मे २००९ रोजी आलेल्या आयला वादळाने बांध फोडले, खारे पाणी शेतांत शिरले, पुढील काही हंगाम जमीन नापीक झाली. गावेच्या गावे केरळ व तामिळनाडूतील बांधकामांवर मजुरीसाठी गेली, हे वास्तव सर्वज्ञात आहे. कादंबरीत आयलानंतरची ही हलाखी कथन करते ती मोयनाच. २००४ मध्ये जिचे भाकीत कोणी मनावर घेतले नाही, तिलाच २०१९ मध्ये त्या भाकिताचा वृत्तांत द्यावा लागतो.

टिपू आणि त्याचा मित्र रफी निघतात. बांगलादेश, पाकिस्तान, इराण, तुर्कस्तान अशी वाट धरतात. वाटेत एकमेकांपासून तुटतात. १९७९ मध्ये ज्या बेटांवर राहू द्या म्हणून माणसे मेली, त्याच बेटांतून दुसरी पिढी जीव धोक्यात घालून बाहेर पडते. येण्याला राज्यसंस्थेने बंदी केली होती, राहण्याला समुद्राने आणि बाजाराने केली. घोष यांनी या दोन घटनांमध्ये कोठेही स्पष्ट रेघ ओढलेली नाही. ती रेघ दोन पुस्तके शेजारी ठेवली की आपोआप दिसते.

‘गन आयलंड’चा निवेदक व्हेनिसला जातो, आणि कथाही त्याच्याबरोबर निघून जाते. मोयना बेटांवर राहते. तिच्या मुलाचे काय झाले हे तिला कोणी, कोणत्या शब्दांत कळविले, ते प्रकरण लिहिलेले नाही.