एका हाडापायी

गेरहार्ड हाइलमान यांचा 'द ओरिजिन ऑफ बर्ड्स' हा ग्रंथ १९२६ साली लंडनला प्रसिद्ध झाला. ग्रंथकार डेन्मार्कचे, पेशाने चित्रकार. ते पानोपानी जाणवते. बव्हेरियाच्या चुनखडीत १८६१ साली उजेडात आलेला आर्किऑप्टेरिक्स, म्हणजे अंगावर पिसे, जबड्यात दात आणि मागे सरड्यासारखी हाडांची लांब शेपटी, असा चमत्कारिक जीव. तो त्यांच्या कुंचल्यातून जिवंत होऊन उठतो.

पक्षी हे डायनोसॉरांचे जवळचे नातलग, असे थॉमस हक्सले १८६८ पासून सांगत होते. हाइलमान हा पुरावा दडवीत नाहीत. दोन पायांवर धावणाऱ्या मांसाहारी डायनोसॉरांची पोकळ हाडे, लांब मागचे पाय, हाताचा पंजा, सारे ते पक्ष्याशेजारी मांडतात. वाचक मनाशी निकाल देऊन मोकळा होतो. आणि ऐनवेळी लेखक म्हणतात, या प्राण्यांना जत्रुक, म्हणजे गळ्याखालचे हाड, नाही! (कोंबडीच्या छातीपुढचे दुबेळके हाड ते हेच.) वंशातून एकदा गेलेला अवयव परतत नाही, असा डोलो यांचा नियम, सबब पूर्वज त्याहून जुन्या सरीसृपांत शोधावा.

माझे भांडण आहे ते इथे. 'सापडले नाही' म्हणजे 'नव्हतेच' असे कसे? कादंबरीतले एखादे पात्र सहा प्रकरणे दिसले नाही, म्हणून वाचक त्याचे सुतक धरीत नाही. शिवाय हे हाड नाजूक, दगडात सहसा टिकत नाही. मौज अशी, की मंगोलियात सापडलेल्या ओव्हिरॅप्टरच्या १९२४ सालच्या वर्णनात ते छापलेलेही होते. फक्त दुसऱ्या हाडाच्या नावाने.

पण ग्रंथ असा देखणा आणि युक्तिवाद असा रेखीव, की पुढे चार दशके बहुतेक विद्वानांनी तो निकाल मान्य केला. १९६४ साली जॉन ऑस्ट्रॉम यांना अमेरिकेत, माँटानात, डायनोनायकस सापडला. त्याचे हात आर्किऑप्टेरिक्सशी ताडून त्यांनी १९७० नंतर जुना खटला पुन्हा उभा केला. १९९६ साली चीनच्या लिआओनिंग प्रांतातून अंगभर पिसांसारखे तंतू असलेला सायनोसॉरोप्टेरिक्स जगापुढे आला. आणि जत्रुक? ते तर धिप्पाड टायरॅनोसॉरसलासुद्धा होते.

तरी हे पुस्तक रद्दीत घालू नये. निकालाची पाने झाकून वाचावे. हक्सलेंच्या बाजूने इतके चांगले वकीलपत्र त्या काळी दुसऱ्या कोणी लिहिलेले माझ्या पाहण्यात नाही.