स्फूर्ती : आल्तारावरची आणि ओटीवरची

नाताळ जवळ आला किंवा धर्मग्रामाचा रौप्यमहोत्सव ठरला, की स्मरणिकेसाठी साहित्य मागविले जाते. येणाऱ्या लेखांचा आणि कवितांचा साचा वाचकांना आता पाठ झाला आहे. गव्हाणी, तारा, आईची माया, निसर्गाची किमया, शेवटी प्रभूचरणी मागणे. लिहिणाऱ्याची श्रद्धा खरी असते, भाषाही स्वच्छ असते. तरीसुद्धा लेख कोणी लिहिला, कोणत्या गावात बसून लिहिला, हे त्यावरून सांगता येत नाही. वसईचा लेख जालन्याच्या स्मरणिकेत घातला तरी कोणाच्या लक्षात येणार नाही. याविषयी कोणाशी बोलावे तर उत्तर ठरलेले असते : आमच्या रोजच्या जगण्यात लिहिण्यासारखे आहे तरी काय? या प्रश्नाचा थोडा विचार करावा, एवढ्याचसाठी हा लेखनप्रपंच.

स्फूर्ती ही वरून उतरते आणि ती उदात्त विषयावरच उतरते, अशी एक समजूत आपल्यात रुजली आहे. पवित्र शास्त्राच्या वाचकाने तरी ती बाळगू नये. प्रभू येशूने स्वर्गराज्याची गोष्ट सांगताना पिठात कालवलेले खमीर घेतले, मोहरीचा दाणा घेतला, समुद्रात टाकलेले जाळे घेतले. हरवलेल्या नाण्यासाठी दिवा लावून घर झाडणारी बाई त्याने दृष्टान्तात आणली. ऐकणाऱ्यांच्या घरात जे होते, त्याच्याबाहेर तो क्वचितच गेला.

आपल्या ठाण्याचा लिखित इतिहासही हेच सांगतो. एप्रिल १३२१ मध्ये ठाण्यात चार फ्रान्सिस्कन मिशनऱ्यांना हौतात्म्य आले. त्यांचे मृतदेह सोपारा येथे नेऊन पुरणारे डोमिनिकन धर्मगुरू जॉर्डानस यांनी त्या घटनेविषयी पत्रे लिहिली. याच जॉर्डानस यांनी पुढे येथील नवलाईचे वर्णन करणारे एक लॅटिन पुस्तक लिहिले आणि त्यात फणसाला जागा दिली. हे फळ फांदीला न लागता खोडाला लागते आणि एकच फळ पाच माणसांना पुरते, असे ते सांगतात. आंबाही त्यांनी टिपला, ताडाचा रसही टिपला. हुतात्म्यांना मूठमाती देणाऱ्या हाताला फणसाविषयी लिहिणे हलके वाटले नाही. येथल्या माणसाला मात्र फणस रोजचाच, म्हणून तो लिहिण्याजोगा वाटला नसावा. परक्याला दिसले ते घरच्याला दिसू नये, याला कारण सवय.

फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडहून १५७९ मध्ये गोव्यात आले आणि १६१६ मध्ये त्यांचे 'ख्रिस्तपुराण' छापून निघाले. त्यांनी छंद निवडला तो ओवीचा. ज्ञानेश्वर-एकनाथांच्या ग्रंथांत प्रतिष्ठा पावलेली ओवी जात्यावर बसणाऱ्या बायकांच्या मुखीही याच नावाने होती. मराठी भाषेचा गौरव करताना त्यांना सुचला तो मोगरा, सुचला तो मोर. परदेशातून आलेल्या या धर्मगुरूने उपमा शोधल्या त्या येथल्या अंगणात.

मात्र या विषयाचा खरा आधारग्रंथ म्हणजे लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे'. १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झालेल्या या आत्मचरित्राची लेखिका शाळेत गेलेली नव्हती. ती आपल्या पंथाची नव्हती हे खरे. पण मराठी ख्रिस्ती घरांना एवढा मोठा वारसा दुसऱ्या कोणी क्वचितच दिला असेल. या पुस्तकात आहे काय? सोवळ्यापायी बाजारातून आलेली वस्तू अन् वस्तू धुऊन घ्यायला लावणारे वडील, आला पैसा वाटून टाकणारा कविमनाचा नवरा, पाहुणे, आजारपणे, घरातली भांडणे. लिहिण्यासारखे काय आहे, असे म्हणण्याचा अधिकार कोणाला असेल तर तो लक्ष्मीबाईंना होता.

रेव्हरंड टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये झाला आणि संसार दुभंगला. पुढे काही वर्षांनी त्या पतीजवळ परत आल्या, तरी त्यांचे पाणी वेगळे होते आणि चूलही वेगळी होती. जातिभेद देवाने केला की माणसाने, हा प्रश्न त्यांना पडला तो ग्रंथ वाचताना नव्हे. पाणी कोणाच्या हातचे प्यावे, या रोजच्या अडचणीतून तो उभा राहिला. त्यांनी त्याचा स्वतःशी विचार केला, आणि १९०० मध्ये बाप्तिस्मा घेण्यापूर्वीच त्यांच्या मनातला भेद गळून पडला. एखाद्या पंडिताने या स्थित्यंतरावर प्रबंध लिहिला असता. लक्ष्मीबाईंनी पाण्याचे भांडे तेवढे दाखविले, आणि तेही हसतहसत, स्वतःचीच थट्टा करीत.

येथे एक आक्षेप संभवतो. रोजचे जगणे म्हणजेच साहित्य असेल, तर किराणामालाची यादीही साहित्य ठरेल. आक्षेप योग्य आहे. सकाळचा चहा, खिडकीतला पाऊस, गॅलरीतली चिमणी यांवरचे अनेक ललित लेख वाचून होताच विसरले जातात. चहा वा चिमणी क्षुद्र असते म्हणून हे होते, असे नव्हे. त्या चहापाशी लेखकाचे काही अडलेले नसते. आमच्या मते कसोटी हीच. वस्तू कितीही लहान असो, तिच्यापाशी माणसाला काही ठरवावे लागते, काही सोडावे लागते किंवा काही कबूल करावे लागते, तेव्हा ती लेखनाचा विषय होते. लक्ष्मीबाईंच्या हातातले पाणी असे होते. म्हणूनच ते इतक्या वर्षांनंतरही शिळे झाले नाही.

ही कसोटी घेऊन आमच्या कोलशेतकडे पाहू. खाडीकाठचे हे आगरी-कोळ्यांचे गाव. येथल्या रेतीबंदराने खाडीच्या तळाची रेती शहरांच्या भिंतींत गेलेली पाहिली. ठाण्याच्या खाडीत बादली घेऊन डुबी मारणारे आणि श्वास कोंडून तळाची रेती वर आणणारे मजूर होते. आधी सँडोझ आणि नंतर क्लॅरियंट या नावाने ओळखल्या गेलेल्या रसायनांच्या कारखान्याने कित्येक घरांच्या चुली पेटत्या ठेवल्या. त्या जमिनीवर आता उंच इमारती उभ्या आहेत. कारखान्याची जमीन किती कोटींना गेली, हे वर्तमानपत्रांनी छापले. शेवटच्या पाळीहून परतलेला कामगार त्या रात्री घरी जेवताना काय बोलला, हे कोणीही छापले नाही. ते वर्तमानपत्रांचे कामही नव्हे. ते काम त्याच्या मुलीचे आहे, पुतण्याचे आहे. आणि ती मंडळी आपल्याच धर्मग्रामांत, आपल्याच बाकांवर बसलेली आहेत.

'जाळी खोल पाण्यात सोडा' या वचनावर आपण वर्षानुवर्षे प्रवचने ऐकतो. डुबी मारणाऱ्या मजुरावर मात्र आपल्या एकाही स्मरणिकेत लेख आमच्या पाहण्यात आलेला नाही. श्रद्धेचे वचन आणि शेजारचे पाणी यांची गाठ लेखकाने घालून द्यायची असते.

हा केवळ वाङ्मयीन आवडीनिवडीचा प्रश्न नाही. आपल्या घरांतली मुले इंग्रजी शाळांत शिकतात. पुष्कळांची प्रार्थनाही इंग्रजीत होते. मराठीत त्यांना वाचायला मिळणार असेल ते फक्त ताऱ्याचे आणि गव्हाणीचे ठरीव वर्णन, तर त्यांनी मराठीकडे का वळावे? तेच वर्णन इंग्रजी भेटकार्डावर अधिक सुबक छापलेले असते. आजी वसईहून येथे कशी आली, वडिलांनी कारखान्यातल्या संपात काय सोसले, आईने कोणाकडून उसने आणून पहिल्या कम्युनियनचा झगा शिवला, हे मात्र त्यांना दुसऱ्या कोणत्याही भाषेत मिळणार नाही. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी भूषविले, तेव्हा आपल्या सर्वांना अभिमान वाटला. २०२४ मध्ये ते गेले. वसईच्या पाण्यासाठी आणि झाडांसाठी रस्त्यावर उतरलेला हा संपादक होता, हे त्यांच्या लेखनाचा गौरव करताना विसरू नये.

म्हणून स्मरणिकांच्या संपादकांना आमची एक सूचना आहे. पुढील अंकासाठी 'नाताळचा संदेश' मागवू नये. घरातली एक वस्तू आणि तिच्यापाशी अडलेले एक माणूस, एवढेच मागवावे. येणाऱ्या लेखांत शुद्धलेखनाच्या चुका असतील, त्या सुधारता येतील. काही लेख वाचून घरच्यांना संकोच वाटेल. तेथे संपादकाने लेखकाशी बोलावे, नावे झाकावीत, पण प्रसंग गुळमुळीत करू नये. आणि ज्यांना लिहिता येत नाही अशा वृद्धांपाशी नातवंडांनी वही घेऊन बसावे. लक्ष्मीबाईंनाही लिहिते केले ते घरच्या माणसांनीच.